चिपळूणचा पूर, १३१ प्रिंट आणि एक फ्रिज

२२ जुलै २०२१, गुरुवार. पहाटे साडेचारला मावशीचा फोन आला, "अंगणात पाणी आलंय, पण काळजी नको, २००५ ला पण आलं होतं." त्यानंतर फोन लागलाच नाही. वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत घुसलंय, एसटी स्टँड बुडालाय, आगार व्यवस्थापक रोकड घेऊन बसच्या टपावर बसलेत, हे सगळं मी पुण्यात टीव्हीवर बघत होते. मावशीचा आवाज थेट २४ तारखेला संध्याकाळी ऐकला. ती शेजाऱ्यांच्या माडीवर दोन रात्री होती. घरातलं काय काय गेलं ते विचारायच्या आधीच म्हणाली, "अगो, फ्रिज आडवा होऊन तरंगत होता. इन्सुलिन त्यातच."

मावशी अठ्ठावीस वर्षं मधुमेही आहे. बाजारातली औषधाची दुकानं पाण्याखाली, रस्ते बंद, डॉक्टरांच्या दवाखान्यात चिखल. तिला इन्सुलिन मिळालं तिसऱ्या दिवशी, एका स्वयंसेवकाच्या खांद्यावरच्या पिशवीतून. पूर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर होड्या, बिस्किटांचे पुडे, चादरी येतात. मला तो फ्रिज डोळ्यांसमोरून जाईना.

त्या पुरानंतर आम्ही आमच्या फोटोंचे प्रिंट विकून तिथल्या औषधांसाठी पैसे उभे केले. ते सगळं आता लिहितेय कारण गेल्या वर्षभरात तीन जणांनी मला विचारलं, "आम्हालाही असं काही करायचंय, कुठून सुरुवात करू?" त्यांना फोनवर तुटक तुटक सांगत बसण्यापेक्षा एकदाच क्रमानं लिहून टाकते. ज्या ज्या ठिकाणी आम्ही गोंधळलो तेही लिहिते, कारण तेच जास्त कामाचं आहे.

आमचा एक हौशी छायाचित्रकारांचा गट आहे. चौदा जण. बँकवाले, शिक्षिका, एक दाताचे डॉक्टर, एक निवृत्त पोस्टमास्तर काका, एकाचं सदाशिव पेठेत फोटो फ्रेमिंगचं दुकान. दर पावसाळ्यात कोकणात जायचं, फोटो काढायचे, परत येऊन एकमेकांच्या फोटोंना नावं ठेवायची, एवढाच आमचा उद्योग. २६ जुलैला रात्री ऑनलाइन बसलो. कोविडचे निर्बंध होते, दुकानं चारला बंद, प्रदर्शनाला दालन मिळायचा प्रश्नच नव्हता. कोणीतरी आठवण काढली की २०२० च्या मार्चमध्ये इटलीतल्या बर्गामोच्या रुग्णालयासाठी शंभर छायाचित्रकारांनी एकेक फोटो दिला होता आणि प्रत्येक प्रिंटची किंमत एकच, १०० युरो, ठेवली होती. न्यूयॉर्कच्या एल्महर्स्ट रुग्णालयासाठीही त्याच सुमारास तसंच झालं. आम्ही त्यातून दोनच गोष्टी उचलल्या: सगळ्या प्रिंटना एक आकार, एक किंमत, आणि विक्री ठरावीक दिवसच. बाकी ती मंडळी जगप्रसिद्ध होती आणि आम्हाला आमच्या सोसायटीतही कोणी ओळखत नव्हतं.

किंमत किती, यावर दीड तास गेला. शेवटी १२ बाय १८ इंच, बिनफ्रेमचा, टपालखर्चासह २,५०० रुपये.

आधी फोन, मग बाकी सगळं

पैसे कुठे द्यायचे हे न ठरवता विकायला सुरुवात करू नका. आमच्यापैकी दोघांना "आधी जमवू, मग बघू" असं वाटत होतं. बरं झालं, ऐकलं नाही. मावशीला ज्यांच्याकडून इन्सुलिन मिळालं तो डॉक्टरांचा एक छोटा नोंदणीकृत न्यास होता. २७ तारखेला तिथल्या डॉक्टर मॅडमशी बोलणं झालं. त्या ओमनीत बसून बोलत होत्या, मागे कोणीतरी धनुर्वाताच्या इंजेक्शनांची मोजणी करत होतं.

मी विचारलं, औषधं गोळा करून पाठवू का? त्या जवळजवळ ओरडल्याच. "अजिबात नको. माझ्याकडे आत्ता चार पोती औषधं पडलीत. अर्ध्या पट्ट्या, तारीख उलटलेल्या, कुणाचं तरी उरलेलं कफ सिरप. ते निवडायला दोन माणसं बसवलीत, ती शिबिरात हवी होती." मग मी शोधलं तर जागतिक आरोग्य संघटनेच्या औषधदानाच्या मार्गदर्शक सूचनांतही हेच आहे: औषध पोहोचेल तेव्हा त्याची किमान वर्षभराची मुदत शिल्लक हवी, आणि रुग्णाला देऊन परत आलेलं औषध दानात देऊ नये.

"पैसे लागतील," त्या म्हणाल्या, "पण आत्ता नाही दिलेत तरी चालेल. आत्ता सगळे आहेत. लेप्टोच्या, म्हणजे पुराच्या पाण्यातून होणाऱ्या तापाच्या, गोळ्या आरोग्य खात्याचे लोक घरोघर देतायत. गणपतीनंतर इथे कोणी नसेल. बीपी-शुगरवाले तेव्हाही असतील."

खरं सांगायचं तर मी थोडी हिरमुसले. आपली मदत ताबडतोब पोहोचावी असं आपल्याला वाटतं. पण त्या एका वाक्यामुळे आमची पुढची घाई टळली आणि विक्रीच्या पानावर काय लिहायचं तेही ठरलं: "ही रक्कम सप्टेंबरमध्ये, दीर्घ आजारांच्या औषधांसाठी जाईल."

कागद

आता कंटाळवाणा भाग. पण कोणाला फक्त एकच भाग वाचायचा असेल तर हाच वाचा.

माझी कल्पना साधी होती: माझ्या बचत खात्याचा क्यूआर द्यायचा, पैसे जमले की न्यासाला पाठवायचे. गटातल्या एकाची बहीण सनदी लेखापाल (सीए) आहे. तिनं २९ तारखेला अर्धा तास फुकट दिला आणि माझी कल्पना पाच मिनिटांत मोडीत काढली.

पहिलं, माझ्या खात्यात दोन-तीन लाख आले तर ते माझे पैसे दिसणार, मी मनात काहीही ठरवलेलं असो. दुसरं, खासगी माणसानं धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाचं कलम ४१क आहे. गणेशमंडळं वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांकडून जी परवानगी घेतात तीच. तिसरं, प्रिंट ही वस्तू आहे, दान नाही. वस्तू महाराष्ट्राबाहेर विकायची तर उलाढाल कितीही छोटी असो, जीएसटी नोंदणी लागते. आणि आमच्या यादीत पहिल्याच दिवशी बेंगळुरू, इंदूर आणि बडोद्याचे लोक होते.

मग मार्ग असा निघाला: विक्री फ्रेमिंगच्या दुकानाच्या नावे. त्याच्याकडे जीएसटी क्रमांक आहे, चालू खातं आहे, बिल करायची सवय आहे. न्यास, दुकान आणि आम्ही छायाचित्रकार यांच्यात १०० रुपयांच्या स्टँप पेपरवर करार. त्यात स्पष्ट लिहिलं की खर्च आणि कर वजा जाता उरणारी रक्कम पहिल्यापासून न्यासाची आहे, दुकान ती केवळ न्यासाच्या वतीनं गोळा करतंय आणि त्यात दुकानाचा कमिशन वगैरे काही नाही. शिवाय न्यासाचं त्यांच्या लेटरहेडवर अधिकारपत्र. हा करार नसता तर दोन लाखांचा नफा दुकानदार मित्राच्या उत्पन्नात धरला गेला असता आणि देणगीवरची ८०जी ची निम्मी करसूट मिळूनही उरलेल्यावर त्यानं खिशातून कर भरला असता. बिचारा "हो हो, करू ना" म्हणत बसला होता, त्याला हे माहीतच नव्हतं. तुमच्या बाबतीत मार्ग वेगळा असू शकतो, तेव्हा तुमच्या सीएला विचारा. पण विक्रीच्या आधी विचारा.

करारावर ४ ऑगस्टला सह्या झाल्या. डॉक्टर मॅडमची सही आणायला कुरिअर चालू नव्हतं म्हणून त्यांच्या एका विश्वस्ताला कराडहून पुण्याला कामासाठी यायचं होतं तेव्हा घेतली. सहा दिवस त्यात गेले.

आणखी एक, जे ग्राहकांना शेवटपर्यंत पटवावं लागलं: प्रिंट विकत घेणाऱ्याला ८०जी ची पावती मिळत नाही. त्यानं पैसे दिले, त्याला वस्तू मिळाली, व्यवहार संपला. निदान बारा जणांनी विचारलं असेल. एक गृहस्थ म्हणाले, "मग फोटो नको, पावती द्या." त्यांना आम्ही थेट न्यासाचा खातेक्रमांक दिला, आणि त्यांनी पाच हजार दिलेही. ते आमच्या हिशोबात नाहीत, म्हणून इथे सांगून ठेवते. (त्याच वर्षीपासून न्यासांना प्रत्येक देणगीदाराचा पॅन आयकर खात्याला कळवावा लागतो आणि प्रमाणपत्र वर्ष संपल्यावर येतं. तेव्हा पावतीसाठी देणगी देणाऱ्यांकडून पॅन तेव्हाच मागून घ्या, मे महिन्यात शोधत बसू नका.)

परदेशातले पैसे घ्यायचे नाहीत हेही ठरवलं. परदेशी देणगी घ्यायला लागणारी एफसीआरए नोंदणी न्यासाकडे नव्हती. माझा एक मामेभाऊ न्यू जर्सीला असतो, आता तिकडचाच नागरिक आहे. त्याला चार प्रिंट हवे होते. नाही म्हणताना जीव खाली-वर झाला, कारण चार म्हणजे दहा हजार. तो आधी रागावला, मग त्याच्या नाशिकच्या बहिणीनं स्वतःच्या पैशानं एक घेतला.

कोणते फोटो

इथे आमचं भांडण झालं.

गटातला एक जण २५ तारखेला मदत घेऊन चिपळूणला गेला होता. त्यानं तिथे काढलेला एक फोटो मला अजून आठवतो. चिखलानं माखलेल्या ओटीवर एक आजी भिजलेली गादी उन्हात टाकतायत आणि त्यांच्या मागे भिंतीवर पाण्याची रेघ, त्यांच्या डोक्याच्या वर हातभर. फोटो म्हणून तो आमच्या सगळ्या फोटोंहून सरस होता, यात शंका नाही. त्याला तो विक्रीत ठेवायचा होता. "लोकांना कळू दे ना काय झालंय. हाच विकला जाईल."

मी म्हटलं, हा फोटो दिवाणखान्यात लावणार कोण? आणि समजा लावला, तर त्या आजींना विचारलंय का? त्याचं म्हणणं, बातमीसाठी काढताना कोण विचारतं. पोस्टमास्तर काका शांतपणे म्हणाले, "बातमीचा पेपर दुसऱ्या दिवशी रद्दीत जातो रे. हा भिंतीवर राहणार." मतं घेतली. नऊ विरुद्ध पाच. नियम केला: ज्याच्या संकटाचे पैसे आपण गोळा करतोय त्याचा ओळखू येणारा चेहरा विकायचा नाही, फोटो सगळे पुराच्या आधीचे. तो मित्र गट सोडून गेला. मला अजूनही वाटतं की आमचं बरोबर होतं. पण त्याचंही पूर्ण चूक नव्हतं, आणि तो परत आला नाही याचं वाईट वाटतं. म्हणजे आम्ही तेरा उरलो, आणि ओळखीतल्या दोघांनी फोटो दिले.

शेवटी २३ फोटो निवडले. प्रत्येकाकडून एका पानाचं संमतिपत्र घेतलं: फोटोचा स्वामित्वहक्क छायाचित्रकाराचाच राहील, आम्हाला फक्त २२ ऑगस्टपर्यंत आलेल्या मागण्यांपुरते प्रिंट काढायची परवानगी, त्यानंतर फाइल पुसून टाकायची. ओळखीतल्या ओळखीत कागद कशाला, असं दोघांना वाटलं. पण एकाचा फोटो आधीच एका कॅलेंडर कंपनीला विकलेला निघाला, तो या कागदामुळेच त्याला आठवला.

फाइल गोळा करणं हा वेगळाच ताप. ३१ जुलै ही मुदत. बहुतेकांनी (एकेकानं तर तीन-तीनदा) व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला. तो आकसून येतो, छपाईच्या कामाचा राहत नाही. १२ बाय १८ इंचाला ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके) धरले तर ३,६०० गुणिले ५,४०० पिक्सेल लागतात, म्हणजे साधारण १९ मेगापिक्सेल. जुन्या कॅमेऱ्यांचे दोन सुंदर फोटो यात बसेनात. लॅबवाल्यानं सांगितलं की २०० पर्यंत भिंतीवर फरक कळत नाही, म्हणून ते घेतले.

लॅब निवडताना स्वस्तात पडू नका. आम्ही आधी साध्या चकचकीत कागदाचा भाव काढला होता, निम्म्याहून कमी पडत होता. पण अडीच हजार देणाऱ्याच्या घरी दोन वर्षांत फोटो पिवळा पडला तर? शेवटी कापसाचा जाड, ३०८ जीएसएमचा (चौरस मीटरला ३०८ ग्रॅम) कागद आणि न फिकटणारी पिगमेंट शाई, एका प्रिंटला जीएसटीसह ६२० रुपये. ३ ऑगस्टला चाचणीचे प्रिंट आले आणि मी हादरले. कुंभार्ली घाटाचा माझा हिरवागार फोटो शेवाळलेल्या टाकीसारखा दिसत होता. लॅबवाले दादा म्हणाले, "मॅडम, फोटो बरोबर आहे, तुमचा मॉनिटर खोटं बोलतोय. ब्राइटनेस निम्मा करा आणि परत बघा." घरी येऊन केला. खरंच खोटं बोलत होता. सगळ्या २३ फाइली पुन्हा उजळ करून ५ तारखेला दुसरी चाचणी केली. हे दोन दिवस वेळापत्रकात आधीच धरून ठेवा.

विक्री

७ ऑगस्ट, शनिवार, सकाळी ९ ते २२ ऑगस्ट, रविवार, मध्यरात्र. नारळी पौर्णिमेला संपवायचं, एवढाच मुहूर्त. वेबसाइट वगैरे काही नाही. फोटोंची एक पीडीएफ, एक गुगल फॉर्म, दुकानाच्या चालू खात्याचा यूपीआय क्यूआर, आणि कार्डानं पैसे देणाऱ्यांसाठी पेमेंट गेटवेची लिंक.

पहिल्या दिवशी १९ प्रिंट गेले. मग चार दिवस जवळजवळ शांतता. त्या चार दिवसांत मला काय वाटलं ते लिहायला हवं, कारण याची मला कोणी कल्पना दिली नव्हती. दर दहा मिनिटांनी फॉर्म उघडून बघायचा. आपल्या नातेवाईकांपैकी कोणी घेतलं, कोणी नाही, याची मनात नोंद ठेवायची आणि स्वतःचीच लाज वाटायची. आपण चिपळूणसाठी विकतोय की आपला फोटो कितीजणांनी घेतला हे मोजतोय, हा प्रश्न रात्री अकराला बरोबर येऊन बसायचा. माझे सात गेले, एकूणात. सर्वात जास्त गेला धुक्यातून वळण घेणारी लाल एसटी, एकतीस. गोवळकोटच्या खाडीतली मगर एकच, तीही आमच्याच दाताच्या डॉक्टरांनी दवाखान्यात लावायला घेतली.

विक्री वाढली ती सहाव्या दिवशी, जेव्हा मी मावशीच्या फ्रिजची गोष्ट चार ओळींत लिहून पाठवली. तिला विचारून. ती म्हणाली, "माझं नाव नको, फ्रिजचं सांग."

गेटवेनं मात्र घाम फोडला. खातं नवीन, अचानक व्यवहार, म्हणून त्यांच्या प्रणालीनं पैसे अडकवून ठेवले. कारण विचारलं तर "तुमच्या व्यवसायाचं स्वरूप तपासतोय". दुकान फ्रेमिंगचं आणि विक्री पूरनिधीची, हे त्यांना जुळेना. करार, अधिकारपत्र, बिलांचे नमुने, तीनदा पाठवले. १९ ऑगस्टला मोकळे झाले. तोवर लॅबला पहिल्या हप्त्याचे पैसे दुकानदार मित्रानं स्वतःच्या खिशातून भरले होते. गेटवे सुरू करायचा असेल तर विक्रीच्या दोन आठवडे आधी करा, आणि कागद त्यांनी मागायच्या आत पाठवा.

२२ च्या मध्यरात्री आकडा १३१ वर थांबला. ८७ यूपीआयनं, ४४ गेटवेनं. एकूण ३,२७,५०० रुपये.

नळ्या

छपाई दोन हप्त्यांत केली, १६ आणि २४ ऑगस्टला. आता हे १३१ कागद भर पावसात देशभर पाठवायचे.

मला एक भन्नाट युक्ती सुचली होती. लक्ष्मी रोडवरच्या कापडाच्या दुकानात कापड ज्याला गुंडाळलेलं असतं त्या पुठ्ठ्याच्या नळ्या फुकट मिळतात. ओळखीच्या दुकानातून पंचवीस आणल्या, करवतीनं कापल्या, सगळं घर पुठ्ठ्याच्या भुशानं भरलं. पहिले नऊ प्रिंट त्यांतून गेले. मग ठाण्याहून फोन आला: "ताई, फोटो सरळ होत नाहीये, सुरळीसारखा परत गोल होतोय." त्या नळ्यांचा व्यास दीड इंच. एवढा जाड कापसाचा कागद इतका घट्ट गुंडाळला की त्याला कायमचा बाक येतो, आणि एकाला तर घडीसारखी बारीक चीरच पडली. तीन इंचांहून कमी व्यासाच्या नळीत असा कागद घालू नये, हे ज्याला माहीत होतं तो फ्रेमवाला मित्र नेमका त्या दिवशी कोविडच्या लशीचा दुसरा डोस घ्यायला गेला होता. बाकी नळ्या विकत आणल्या. बटर पेपर, त्यावर प्लास्टिकची पिशवी, सिलिका जेलची पुडी, दोन्ही टोकांना टोपण आणि चिकटपट्टी. ज्यांचे प्रिंट वाकले होते त्यांना सांगितलं: फोटो पालथा ठेवा, वर स्वच्छ कागद, त्यावर चार जाड पुस्तकं, तीन दिवस. सातजणांचे सरळ झाले. दोन पुन्हा छापले. दमटपणामुळे तीन खराब झाले, एक टपालात हरवला. एकूण सहा पुन्हा.

पोस्टात स्पीड पोस्टला नेले. पोस्टमास्तर काका बरोबर असल्यानं रांगेत मान होता, पण नळी काउंटरवरून घरंगळत जाते, त्यावर पत्त्याचं लेबल बसत नाही, यावर त्यांच्याकडेही उपाय नव्हता. शेवटी त्यांनीच नळीला एका बाजूनं पुठ्ठ्याची पट्टी चिकटवायला शिकवलं. तेरा प्रिंट आम्ही पुण्यात हातानं पोहोचवले. शेवटची नळी ४ सप्टेंबरला गेली.

हिशोब

छपाई, सहा जादा धरून: ८४,९४०. बांधणी ७,२०५. टपाल ८,२६०. गेटवेचे दोन टक्के आणि त्यावरचा जीएसटी मिळून २,५९६. विक्रीवरचा जीएसटी बारा टक्क्यांनी किमतीतच धरला होता. लॅबच्या बिलात भरलेला कर वजा होऊन २२,१३२ भरायचे निघाले. उरले २,०२,३६७ रुपये.

म्हणजे प्रत्येक अडीच हजारातले साधारण साडेपंधराशे. हा आकडा बघून माझं तोंड उतरलं होतं. दोन लाख थेट मागून जमवले असते तर शंभर टक्के पोहोचले असते. हे कोणापासून लपवू नका. आमच्या पानावर पहिल्या दिवसापासून "खर्च व कर वजा जाता" असं होतं. मसुद्यात आधी "सर्व रक्कम" असं लिहिलेलं मीच होते, ते सीए ताईंनी लाल पेनानं खोडलं.

९ सप्टेंबरला, गणपतीच्या आदल्या दिवशी, आरटीजीएसनं पैसे गेले. बँकेतल्या बाई म्हणाल्या, दोन लाखांच्या वर आहे म्हणून आरटीजीएस होतंय, नाहीतर एनईएफटी करावं लागलं असतं. दोन हजार तीनशे सदुसष्ट रुपयांनी आमचा मान राखला.

सप्टेंबर

२५ तारखेला, शनिवारी, आम्ही तिघं कुंभार्ली घाटानं चिपळूणला गेलो. बाजारपेठेत दुकानं उघडी होती, पण फळ्या नव्या आणि भिंती ओल्या. वाशिष्ठीच्या मातीचा वास दोन महिन्यांनीही गेला नव्हता. डॉक्टर मॅडम म्हणाल्या होत्या तसंच होतं, शिबिराचे फलक होते, शिबिरं नव्हती.

न्यासाचा दवाखाना एका शाळेच्या वर्गात. रांगेत बहुतेक साठीच्या पुढचे. प्रत्येकाची फाइल पुरात गेलेली. कोणती गोळी घेता? "पांढरी, बारीक." कधी? "रात्री." पुढे काही नाही. पांढऱ्या बारीक गोळ्या किती प्रकारच्या असतात हे मला त्या दिवशी कळलं. तिथल्या फार्मसिस्ट मुलीनं एका पुठ्ठ्यावर रिकाम्या पट्ट्या ओळीनं चिकटवल्या होत्या, रक्तदाबाच्या एका बाजूला, साखरेच्या दुसऱ्या, थायरॉइडच्या खाली. आजोबा बोट ठेवायचे, "ही. नाही, ही." मग रक्तदाब, साखर तपासून डॉक्टर ठरवायच्या आणि नव्या वहीत लिहून, ती वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून द्यायच्या. पिशवी का, असं मी विचारलं नाही.

आमच्या पैशांतून रक्तदाब-मधुमेहाची तीन महिन्यांची औषधं, साखर तपासायच्या पट्ट्या आणि इन्सुलिनसाठी एक साधा फ्रिज आला होता, १७,८०० चा. तो त्यांनी शिक्षकांच्या दोन टेबलांवर चढवून ठेवला होता. मावशी तिच्या वहीसकट तिथेच भेटली. फ्रिजकडे बघून म्हणाली, "एवढा उंच? काढायचं कसं?" खाली एक स्टूल होतं.

२ ऑक्टोबरला सगळा हिशोब, बिलांच्या छायाप्रती आणि न्यासाची पोच असं सगळं ग्राहकांना मेलनं पाठवलं. एकोणीस जणांनी उत्तर दिलं. अठरा जणांनी छान लिहिलं. एकोणिसावे गृहस्थ भोसरीचे. त्यांनी विचारलं, एका बांधणीला ५५ रुपये कसे? मी नळी, बटर पेपर, टोपण, चिकटपट्टी असा तपशील पाठवला. दुसऱ्या दिवशी त्यांचं उत्तर आलं: माझ्या चुलतभावाचा पुठ्ठ्याच्या नळ्यांचा कारखाना आहे, तीन इंची नळी २२ रुपयांना पडेल, पुढच्या वेळी आधी विचारा.